अँजिओप्लास्टी चालू असताना हृदयाला टेकू देणारा पंप : कुणाला लागतो, कसा बसतो, कुठे बिघडतो

टू-डी इकोच्या रिपोर्टवर ‘एलव्हीईएफ २५ टक्के’ लिहिलेलं असतं, म्हणजे हृदयाचं पंपिंग फार कमी. अँजिओग्राफीत तिन्ही मुख्य रक्तवाहिन्या खराब निघतात. सर्जन म्हणतात, या तब्येतीत बायपास झेपणार नाही. मग हृदयरोगतज्ज्ञ नातेवाइकांना बोलावून सांगतात, ‘अँजिओप्लास्टी करू, पण पंप लावून करावी लागेल.’ खर्चाचा आकडा ऐकून घरचे हबकतात आणि सही कुठे करायची एवढंच विचारतात. त्या सहीआधी जे समजून घ्यायला हवं, ते इथे सविस्तर मांडलं आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. हा पंप ब्लॉकेज काढत नाही, कमजोर हृदय बरं करत नाही आणि कायमचा शरीरात राहतही नाही. स्टेंट घालताना हृदयावर ताण येतो, तेवढा वेळ शरीराला रक्त पुरवत ठेवणं एवढंच त्याचं काम. बहुतेकदा दोन-तीन तासांनी तो कॅथलॅबच्या टेबलावरच काढला जातो.

‘हाय रिस्क’ म्हणजे नेमकं काय?

नुसतं वय जास्त किंवा नुसती शुगर जास्त म्हणून पंप लागत नाही. तीन गोष्टी एकत्र आल्या की प्रश्न उभा राहतो. पहिली, हृदयाचं पंपिंग कमी असणं. डावा खालचा कप्पा भरल्यावर त्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, तो आकडा म्हणजे ईएफ, रिपोर्टवरचा एलव्हीईएफ. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० असतो. ३५च्या खाली गेला की डॉक्टर सावध होतात, २५च्या खाली आणखी. दुसरी, ज्या वाहिनीवर काम करायचं तिच्यावर फार मोठा भाग अवलंबून असणं. डावी मुख्य धमनी, म्हणजे ‘लेफ्ट मेन’, किंवा बाकीच्या बंद पडल्यावर उरलेली एकुलती एक चालू वाहिनी, ही त्याची ठळक उदाहरणं. तिसरी, काम लांबणार हे आधीच दिसत असणं: कॅल्शियम साचून दगडासारखं झालेलं ब्लॉकेज, ते खरवडायला लागणारं रोटाब्लेटर, वाहिनी दोन फांद्यांत विभागते तिथे दोन स्टेंट, किंवा जुनी पूर्ण बंद वाहिनी उघडणं.

ईएफ ३० असलेल्या माणसाच्या उजव्या वाहिनीत एक साधा स्टेंट घालायचा असेल तर सहसा पंपाची गरज नसते. ईएफ ५५ आणि लेफ्ट मेनचं सरळ ब्लॉकेज असेल तरीही बहुतेकदा नसते. तिन्ही गोष्टी एका रुग्णात असतील तर मात्र विचार व्हायलाच हवा.

टेबलावर हृदय कोसळतं ते कशामुळे?

हृदय सगळ्या शरीराला रक्त देतं, पण त्याचा स्वतःचा डावा स्नायू रक्त घेतो तो मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधे, सैल पडल्यावर. त्या वेळी महाधमनीत जो दाब असतो, म्हणजे ढोबळमानाने आपलं ‘खालचं बीपी’, त्यातून कप्प्याच्या आतला दाब वजा केला की स्नायूत रक्त ढकलणारा दाब उरतो. उदाहरणादाखल आकडे घेऊ. निरोगी माणसात खालचं बीपी ७० आणि कप्प्यातला दाब १० धरला, तर हातात ६० उरतात. कमजोर, फुगलेल्या हृदयात खालचं बीपी ६० आणि आतला दाब २५ असेल, तर उरतात ३५. आता ब्लॉकेज रुंद करायला लेफ्ट मेनमध्ये फुगा फुगवला. रक्त थांबलं, स्नायू काही सेकंदांतच ढिला पडू लागला, बीपी ४५वर आलं आणि आतला दाब ३५वर चढला. उरले १०. या १०मध्ये स्नायू सावरत नाही. तो सावरत नाही म्हणून बीपी आणखी घसरतं, आणि घसरलं म्हणून स्नायू आणखी उपाशी राहतो. फुगा सोडल्यावरही कमजोर हृदय या चक्रातून बाहेर येईलच असं नाही.

अशा वेळी नॉरअॅड्रेनॅलिनसारखी औषधं देऊन बीपी वर ओढता येतं, पण त्याची किंमत तोच थकलेला स्नायू मोजतो. त्याचं काम वाढतं, ऑक्सिजनची भूक वाढते. पंपाने उलट होतं. बाहेरचा दाब वाढतो, आतला कमी होतो आणि स्नायूवरचं ओझंही हलकं होतं.

उपलब्ध साधनं

सर्वांत जुनं साधन म्हणजे बलून पंप, आयएबीपी. १९६०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये एड्रियन कँट्रोविट्झ यांनी तो प्रथम रुग्णांवर वापरला. जांघेतून नळी घालून लांबट फुगा छातीतल्या महाधमनीत ठेवतात. मोठ्या माणसासाठी तो साधारण ४० मिलिलिटरचा असतो. हृदय सैल पडलं की यंत्र त्यात हेलियम भरतं आणि ठोका पडण्याच्या जरा आधी काढून घेतं. हेलियमच का, तर तो हलका वायू अरुंद नळीतून झटकन आत-बाहेर करतो. हा फुगा स्वतः रक्त उपसत नाही, खालचं बीपी वाढवून हृदयाला टेकू देतो. त्याने रक्तप्रवाहात पडणारी भर मिनिटाला साधारण अर्धा ते एक लिटर. ठोके फार अनियमित असतील तर फुग्याची वेळ चुकते, आणि हृदय जवळपास थांबलं तर त्याचा उपयोग उरत नाही.

सध्या ‘पंप लावू’ असं म्हणतात तेव्हा बहुधा इम्पेला सीपी अभिप्रेत असतो. अमेरिकेतल्या अॅबायोमेड कंपनीचं हे उपकरण. ही कंपनी २०२२ अखेर जॉन्सन अँड जॉन्सनने घेतली. अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, हाय रिस्क अँजिओप्लास्टीसाठी आधीच्या इम्पेला २.५ला मार्च २०१५मध्ये आणि नंतर सीपीला मान्यता दिली. हा नळीच्या टोकावर बसवलेला बारीक पंप असतो. महाधमनीची झडप ओलांडून त्याचं तोंड डाव्या कप्प्यात आणि बाहेर सोडणारी खिडकी महाधमनीत राहते. आतलं पातं मिनिटाला ४६,००० फेऱ्यांपर्यंत फिरतं आणि मिनिटाला साडेतीन लिटरच्या वर रक्त कप्प्यातून उपसून महाधमनीत टाकतं. हृदयाचा ताल बिघडला तरी तो काही काळ रक्त फिरवत ठेवतो, हा फुग्याच्या तुलनेत त्याचा मोठा फायदा.

तिसरा पर्याय एकमोचा. शरीरातून रक्त बाहेर काढून ऑक्सिजन मिसळून परत देणारं हे यंत्र सर्वांत ताकदवान आहे, पण ते रक्त धमनीत उलट दिशेने ढकलत असल्यामुळे डाव्या कप्प्यावरचा भार वाढतो. ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीत त्याची पाळी क्वचित येते. फुप्फुसंही निकामी असतील किंवा हृदयाची उजवी बाजूही साथ देत नसेल, तिथे ते लागू शकतं.

निम्मी लढाई जांघेत

या उपचाराचं यशापयश बरंचसं हृदयात नाही, जांघेतल्या धमनीत ठरतं. साधी अँजिओप्लास्टी मनगटातून ६ फ्रेंचच्या नळीने होते. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, म्हणजे ती नळी २ मिलिमीटरची. इम्पेला सीपीचा पंप १४ फ्रेंचचा, म्हणजे जवळपास ४.७ मिलिमीटर जाड, आणि तो आत नेणारं आवरण त्याहून थोडं जाड. जांघेतली धमनी साडेपाच-सहा मिलिमीटरची आणि बऱ्यापैकी सरळ असेल तर काम होतं. कमी चणीच्या व्यक्ती, मधुमेही, डायलिसिसवरचे रुग्ण, वर्षानुवर्षं तंबाखू-सिगारेट ओढलेले लोक, यांच्यात ही धमनी बारीक, वाकडी किंवा कॅल्शियमने कडक झालेली सापडते. म्हणून पंप बसवण्याआधी पोट आणि पायांच्या धमन्यांचं सीटी अँजिओ किंवा निदान टेबलावर डाय, म्हणजे एक्स-रेत धमनी उठून दिसावी म्हणून द्यायचं द्रव्य, सोडून घेतलेलं चित्र हवंच. जांघेतून वाट नसेल तर काखेजवळच्या धमनीचा विचार होतो. किडनी कमजोर असेल तर सीटीचा डायही जपून वापरावा लागतो.

सुई कुठे लागते याला मिलिमीटरचं महत्त्व आहे. धमनी मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यावरून जाते तिथे टोचली, तर नंतर बोटाने हाडावर दाबून रक्त थांबवता येतं. त्याच्या वर टोचली तर रक्त पोटामागच्या पोकळीत झिरपतं आणि बाहेर काही दिसतच नाही. खाली टोचली तर धमनी दोन फांद्यांत विभागलेली असते, म्हणून भोक बारीक वाहिनीत पडतं. यासाठी सोनोग्राफीचा प्रोब लावून, बारीक सुईने धमनीच्या पुढच्या भिंतीतच प्रवेश करण्याची पद्धत आहे. नाडी चाचपून अंदाजाने टोचण्याची ही जागा नव्हे.

मोठं आवरण घालण्याआधीच परक्लोज नावाच्या उपकरणाने भोकाभोवती दोन टाक्यांचे फास पेरून ठेवतात, शेवटी ओढून बंद करण्यासाठी. मग एकापेक्षा एक जाड डायलेटर घालून वाट रुंद करतात. हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध देऊन रक्त गोठण्याची वेळ, म्हणजे एसीटी, २५० सेकंदांच्या वर नेतात. एक कॅथेटर झडपेपलीकडे डाव्या कप्प्यात नेऊन तिथे मऊ टोकाची ०.०१८ इंची तार ठेवतात, आणि त्या तारेवरून पंप सरकवतात. पंपाचं तोंड झडपेच्या सुमारे साडेतीन सेंटिमीटर खाली यायला हवं. तार काढली, पंप सुरू केला आणि नळीतला ढिलेपणा काढून घेतला की बसवणं पूर्ण होतं. हा ढिलेपणा राहिला तर पंप हळूहळू कप्प्यात खोल सरकतो. बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

जागा बरोबर आहे की नाही हे कंट्रोलरच्या पडद्यावरच्या दोन रेघांवरून कळतं. दाबाची रेघ महाधमनीसारखी आणि मोटरच्या विजेची रेघ ठोक्यागणिक वर-खाली होणारी, असं दिसलं तर ठीक. मोटरची रेघ सपाट झाली तर पंपाचं तोंड आणि खिडकी दोन्ही झडपेच्या एकाच बाजूला आली असण्याची शक्यता दाट. अर्थात हृदय अगदीच निपचित असेल तरी रेघ सपाट दिसते, म्हणून शंका आली की इको करून पाहायचं.

मोटरमध्ये रक्त शिरू नये म्हणून उलट दिशेने ५ टक्के डेक्स्ट्रोज सतत सोडलं जातं, त्यात सहसा हेपॅरिन मिसळलेलं असतं. हेपॅरिन चालत नसेल तर बायकार्बोनेट घालतात. प्रवाह तासाला २ ते ३० मिलिलिटर आणि दाब ३०० ते ११०० मिलिमीटर पारा, या मर्यादेत ही व्यवस्था चालते. दाब अचानक पडला तर कुठेतरी जोड निसटला आहे, आणि तो शोधायला वेळ दवडून चालत नाही.

पंप जोरात चालू असताना रुग्णाची नाडी हाताला लागेनाशी होऊ शकते आणि दंडावरच्या पट्ट्याचं बीपी चुकतं. खिडकीतून पाहणाऱ्या नातेवाइकांनी घाबरू नये. धमनीतल्या नळीवरचा सरासरी दाब ६०-६५च्या वर आणि रुग्ण शुद्धीवर, याचा अर्थ रक्त पोचतं आहे.

कुणाला लावता येत नाही

डाव्या कप्प्यात रक्ताची गाठ असेल तर नाही, कारण ती सुटून मेंदूत जाऊ शकते. म्हणून आधीचा इको काळजीपूर्वक झालेला हवा. महाधमनीची धातूची कृत्रिम झडप असेल तर नाही. ही झडप मध्यम किंवा जास्त गळत असेल तर पंपाने पुढे टाकलेलं रक्त परत कप्प्यातच येतं, त्यामुळे फायदा नाही. झडप अतिशय आकुंचित असेल किंवा पायांच्या धमन्यांचा आजार तीव्र असेल तरीही तो टाळावा लागतो.

बिघाड आणि त्यांची कारणं

सर्वांत जास्त धास्ती रक्तस्रावाची. जांघेत फुगवटा आला तर तो दिसतो आणि दाबून धरता येतो. पोटामागचा रक्तस्राव घातक, कारण तो लपतो. पाठीत किंवा कमरेत दुखणं, घाम, वाढलेले ठोके, पडणारं बीपी, ही लक्षणं दिसली की हिमोग्लोबिनच्या रिपोर्टची वाट पाहत बसू नये.

दुसरा त्रास पायाचा. जाड नळीने धमनी बुजली की खालचा पाय थंड, फिकट, बधिर होतो आणि दुखतो. पंप काढता येत असेल तर काढणं हाच उपाय. नसेल तर वेगळ्या बारीक नळीने त्या पायाला रक्त पोचवतात.

तिसरा त्रास रक्तपेशी फुटण्याचा. पंपाचं तोंड डाव्या कप्प्यातल्या मायट्रल झडपेच्या दोऱ्यांना किंवा कप्प्याच्या भिंतीला चिकटलं की लाल पेशी चिरडल्या जातात आणि लघवी काळसर तांबूस, चहासारखी होते. पिशवीतला हा रंग सर्वांत आधी नर्सला किंवा नातेवाइकाला दिसतो, त्याने तो लगेच सांगावा. पंपाची जागा सुधारली आणि वेग कमी केला तर बहुतेकदा हे थांबतं. दुर्लक्ष झालं तर किडनीवर येतं.

‘सक्शन’चा अलार्मही वारंवार वाजतो. बोअरमधलं पाणी खाली गेल्यावर मोटर हवा ओढू लागते, तसंच हे. कप्प्यात पुरेसं रक्त येत नसताना पंप जोराने ओढतो आणि भिंतीलाच चिकटतो. अशा वेळी वेग वाढवणं ही मोठी चूक. एक-दोन पायऱ्या खाली यायचं, जागा तपासायची, आणि रक्त कमी का येतंय ते शोधायचं: शरीरात पाणी कमी आहे, कुठे रक्त वाहतंय, की उजवा कप्पा थकला आहे? डावीकडचा पंप उजवीकडून जेवढं येईल तेवढंच पुढे पाठवू शकतो.

क्वचित पंप किंवा त्याची तार कप्प्याची भिंत भेदून जाते. मार्च २०२४मध्ये एफडीएने याबद्दल सर्वांत गंभीर श्रेणीचा इशारा दिला. तोवर कंपनीकडे १२९ गंभीर इजांच्या नोंदी आल्या होत्या आणि त्यांत ४९ मृत्यू होते. वापराच्या सूचना त्यानंतर कडक झाल्या. म्हणून आपल्या टीमने असे किती पंप बसवले आहेत, हा प्रश्न मुळीच उद्धट नाही.

पुरावा काय सांगतो?

इथे प्रामाणिकपणे बोलणं गरजेचं आहे, कारण जाहिरातीत दिसतं तेवढं चित्र स्वच्छ नाही. ब्रिटनमधल्या बीसीआयएस-१ चाचणीत ३०१ रुग्णांपैकी निम्म्यांना आधीच बलून पंप लावला. पहिल्या २८ दिवसांतल्या मोठ्या दुर्घटनांत फरक पडला नाही, पण टेबलावर बीपी कोसळण्याचे प्रकार कमी झाले आणि पाच वर्षांनी पंपवाल्या गटात मृत्यू कमी आढळले. २०१२मध्ये आलेल्या प्रोटेक्ट-२ चाचणीत साडेचारशेच्या आसपास रुग्णांत इम्पेला २.५ आणि बलून पंप यांची तुलना झाली. फरक दिसण्याची शक्यता नाही म्हणून ती लवकर थांबवली गेली. ३० दिवसांत गंभीर घटना इम्पेलाच्या गटात ३५.१ आणि बलून पंपाच्या गटात ४०.१ टक्के रुग्णांत झाल्या, आणि हा फरक योगायोगाचा असू शकतो. ९० दिवसांनी कल इम्पेलाकडे होता, ठाम निकाल नव्हता. अमेरिकेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचना त्यामुळेच निवडक रुग्णांत ‘विचार करता येईल’ एवढंच म्हणतात.

२०२४च्या डेनजर शॉक चाचणीचा दाखला हल्ली सारखा दिला जातो. तिथे इम्पेलामुळे १८० दिवसांतले मृत्यू ५८.५ टक्क्यांवरून ४५.८ टक्क्यांवर आले, ही मोठीच गोष्ट आहे. पण ते रुग्ण मोठा हार्ट अॅटॅक येऊन शॉकमध्ये गेलेले होते, म्हणजे बीपी कोसळून शरीराला रक्त पुरत नव्हतं. ठरवून, चालत येऊन टेबलावर झोपलेल्या रुग्णाला तो आकडा लावणं चूक आहे. त्याच चाचणीत पंपाच्या गटात गंभीर रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणं आणि डायलिसिस लागणं, तिन्ही वाढले होते.

सर्वांत मूलभूत प्रश्न पंपाच्याही आधीचा आहे. २०२२च्या रिव्हाइव्हड चाचणीत ईएफ ३५ किंवा त्याखाली असलेल्या ७०० रुग्णांत अँजिओप्लास्टी अधिक औषधं आणि नुसती चांगली औषधं यांची तुलना झाली. मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं निघालं, ३७.२ आणि ३८ टक्के. म्हणजे छातीत दुखणं नाही, तब्येत स्थिर आहे आणि फक्त ईएफ कमी आहे, अशा रुग्णात ‘हे स्टेंट घालायचेच का?’ हे आधी ठरायला हवं. ज्यांना औषधांवरही सतत छातीत दुखतं किंवा नुकताच अॅटॅक येऊन गेलाय, त्यांची गोष्ट वेगळी. सर्जननी बायपासला खरंच नाही म्हटलं आहे का, तेही लेखी असावं.

आमचं मत असं: तिन्ही धोके एकत्र असतील, स्टेंटची गरज पक्की असेल आणि जांघेतली धमनी चांगली असेल, तर पंप आधीच लावणं शहाणपणाचं. कोसळल्यावर धावपळीत लावलेला पंप उशिरा लागतो आणि घाईत धमनीही फाटते. तिन्हींपैकी एखादीच गोष्ट असेल तर दुसऱ्या जांघेत बारीक नळी ठेवून, पंप खोलीत तयार ठेवून काम सुरू करणंही योग्य ठरतं.

खर्च आणि त्याबद्दलचे प्रश्न

फेब्रुवारी २०१७मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली, पण ती स्टेंटपुरतीच. इम्पेला एकदाच वापरायचा असतो आणि त्याचा खर्च अनेक लाखांत जातो. बलून पंप त्यामानाने खूपच स्वस्त आणि बऱ्याच ठिकाणी उपलब्ध. पॅकेजमध्ये पंप धरला आहे का, विमा कंपनीने पंपाचं नाव घेऊन मंजुरी दिली आहे का, आणि पाकीट उघडलं पण पंप बसलाच नाही तर पैसे कुणी भरायचे, हे तीन प्रश्न आदल्या दिवशीच विचारावेत. त्यासोबत पायाच्या धमनीचं माप किती आलं आणि रात्री पायाला काही झालं तर रक्तवाहिन्यांचे सर्जन हॉस्पिटलमध्ये आहेत का, हेही.

पंप काढताना आणि नंतर

स्टेंट बसले की पंपाचा वेग टप्प्याटप्प्याने कमी करतात आणि प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटं थांबून बीपी टिकतं का ते पाहतात. पंप झडपेत असताना पूर्ण बंद करत नाहीत, कारण थांबलेल्या पंपातून महाधमनीतलं रक्त मागे कप्प्यात येतं. सर्वांत कमी वेगावर आणून तो महाधमनीत ओढतात, मग बंद करतात आणि पेरलेले टाके आवळतात. बीपी टिकलं नाही तर पंपासह आयसीयूत नेतात. ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीसाठी एफडीएची मान्यता ६ तासांपर्यंतचीच आहे. जितके तास वाढतील तितका रक्तस्रावाचा आणि पायाचा धोका वाढत जातो.

त्यानंतर काही तास तो पाय सरळ ठेवायचा, गुडघ्यात दुमडायचा नाही. खोकला किंवा शिंक आली तर जांघेवर हात दाबून धरायचा. नर्सने दोन्ही पावलांच्या नाड्या ताडून पाहायच्या, आणि सापडली नाही तर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह टिपणारं यंत्र, लावायचा. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन आणि किडनीसाठी क्रिएटिनिन तपासलं जातं. घरी गेल्यावर आठवडाभर जड उचलणं, उकिडवं बसणं आणि भारतीय पद्धतीचा संडास टाळावा. जांघेतला निळा-काळा डाग पसरून मांडीवर उतरला तरी तो हळूहळू फिका पडतो. मात्र तिथे धडधडणारी गाठ लागली, ताप आला किंवा पाय गार पडला तर त्याच दिवशी दाखवावं. आणि डाग पाहून घाबरून अॅस्पिरिन किंवा त्याच्या जोडीची क्लोपिडोग्रेल अथवा टिकाग्रेलॉर स्वतःहून बंद करू नये. लेफ्ट मेनमधला नवा स्टेंट गोठला तर कमजोर हृदयाला सावरायला वेळ मिळत नाही. गोळ्यांबद्दलचा निर्णय स्टेंट घातलेल्या डॉक्टरांना फोन करूनच घ्यावा.